संशोधन अनुदानाचा प्रगती अहवाल पोर्टलवर सादर करताना: ताळमेळ कसा बसवावा

केंद्र शासनाच्या निधीवर चालणाऱ्या संशोधन प्रकल्पाचा पुढचा हप्ता अडकला, की पहिला राग पोर्टलवर निघतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा पोर्टल आपले काम करीत असते आणि अडचण असते ती त्यावर चढवलेल्या कागदांमध्ये. प्रगती अहवालात ‘उपकरण बसवून कार्यान्वित केले’ असे वाक्य असते आणि खर्चाच्या विवरणपत्रात त्याच उपकरणापुढे शून्य असते. संशोधन सहायकाने वर्षभर नमुने गोळा केल्याचे वर्णन असते, पण मानधनाचा खर्च मात्र सातच महिन्यांचा दिसतो. दोन्ही कागद आपापल्या जागी खरे असू शकतात, कारण एक अन्वेषकाने, म्हणजे प्रकल्पाच्या मुख्य संशोधकाने, लिहिलेला असतो आणि दुसरा लेखा विभागाने. ते दोघे एकत्र बसलेले नसतात, एवढेच. म्हणून या मार्गदर्शनात पोर्टलच्या बटणांपेक्षा या दोन कागदांच्या मेळावर अधिक भर दिला आहे. ज्यांना पहिल्यांदाच प्रकल्प मंजूर झाला आहे अशा महाविद्यालयीन आणि विद्यापीठीय शिक्षकांना ते विशेष उपयोगी पडावे.

कोणते पोर्टल, कोणते नियम

विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘सर्ब’, २००८ च्या कायद्याने स्थापन झाले होते. २०२३ च्या कायद्याने त्याची जागा अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने घेतली. हा कायदा ५ फेब्रुवारी २०२४ पासून अमलात आला आणि सर्बने मंजूर केलेल्या चालू प्रकल्पांची जबाबदारीही नव्या संस्थेकडे गेली. त्यामुळे ज्यांच्या मंजुरी आदेशावर सर्बचे नाव आहे, त्यांनीही अहवाल आता फाउंडेशनच्या पोर्टलवरच सादर करायचा असतो. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचे स्वतःचे ई-पीएमएस हे पोर्टल आहे, जैवतंत्रज्ञान विभागाचे ई-प्रोमिस आहे आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची प्रणाली आणखी वेगळी आहे. रकान्यांची नावे आणि पानांचा क्रम प्रत्येक ठिकाणी निराळा असला, तरी हिशेबाचा सांगाडा सगळीकडे एकच आहे, कारण तो सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मधून, म्हणजे ‘जीएफआर’मधून आलेला आहे. हा सांगाडा एकदा समजला की कोणतेही पोर्टल परके वाटत नाही.

सर्वत्र मागितले जाणारे मुख्य कागद तीन आहेत: प्रगती अहवाल, खर्चाचे विवरणपत्र आणि उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान मंजूर कामासाठीच वापरले याचा संस्थेने दिलेला दाखला. कार्यालयीन बोलण्यात शेवटच्या दोघांना ‘एसई’ आणि ‘यूसी’ म्हणतात आणि लेखा विभागात याच नावांनी विचारले तर काम लवकर होते.

मंजुरी आदेश पुन्हा एकदा वाचावा

मंजुरी आदेश आला त्या दिवशी सगळेच तो वाचतात, पण तेव्हा नजर रकमेवर असते. अहवाल लिहिण्यापूर्वी तो अटींसाठी वाचावा. प्रकल्पाचा फाइल क्रमांक, प्रकल्प सुरू झाल्याची अधिकृत तारीख, तिची व्याख्या (आदेशाची तारीख, निधी जमा झाल्याची तारीख की आणखी काही), शीर्षनिहाय, म्हणजे खर्चाच्या प्रकारानुसार, मंजूर रक्कम, अहवाल किती कालावधीने द्यायचा आणि कोणत्या नमुन्यात द्यायचा, या गोष्टी एका पानावर उतरवून ते पान प्रकल्पाच्या फाइलच्या वर लावावे. पुढे भरायच्या प्रत्येक अर्जात हीच माहिती विचारली जाते आणि प्रत्येक ठिकाणी ती अक्षरशः सारखी असावी लागते. आदेशात प्रकल्पाचे शीर्षक ज्या शब्दांत आहे त्याच शब्दांत लिहावे. दरम्यानच्या काळात आपल्याला सुचलेले अधिक नेमके शीर्षक कितीही आवडले, तरी ते शोधनिबंधासाठी राखून ठेवावे.

आदेशातील रक्कम दोन मोठ्या भागांत असते. उपकरणांसाठीची रक्कम भांडवली, म्हणजे अनावर्ती; मनुष्यबळ, रसायने व उपभोग्य साहित्य, प्रवास, आकस्मिक खर्च आणि संस्थेचा उपरिखर्च (ओव्हरहेड) हे आवर्ती. या दोन भागांची उपयोगिता प्रमाणपत्रे स्वतंत्र द्यावी लागतात आणि एका भागातील शिल्लक दुसऱ्या भागात आपल्या अधिकारात वळवता येत नाही. उपकरण स्वस्तात मिळाले म्हणून वाचलेल्या पैशांतून काचसामान घेतले, तर ती काटकसर ठरत नाही. तो लेखापरीक्षणातील आक्षेप ठरतो.

प्रकल्पाचे वर्ष आणि आर्थिक वर्ष

बहुतेक गोंधळाचे मूळ येथे आहे. समजा, प्रकल्प १५ डिसेंबर २०२३ रोजी सुरू झाला. त्याचे पहिले वर्ष १४ डिसेंबर २०२४ रोजी संपते आणि वैज्ञानिक प्रगतीचा अहवाल अनेक योजनांत या कालावधीचा मागितला जातो. पैशांचा हिशेब मात्र आर्थिक वर्षाप्रमाणेच चालतो. त्यामुळे पहिले उपयोगिता प्रमाणपत्र १५ डिसेंबर २०२३ ते ३१ मार्च २०२४ या जेमतेम साडेतीन महिन्यांचे होते, दुसरे २०२४–२५ चे आणि तीन वर्षांच्या प्रकल्पाची एकूण प्रमाणपत्रे तीन नव्हे तर चार होतात. पहिल्या साडेतीन महिन्यांत काहीच खर्च झाला नसला, तरी त्या वर्षाचे प्रमाणपत्र द्यावेच लागते. खर्च शून्य आणि सगळी रक्कम शिल्लक, असे त्यात लिहायचे. ‘खर्चच नाही तर प्रमाणपत्र कशाचे’ असे समजून हे वर्ष वगळले, की पुढच्या वर्षाची सुरुवातीची शिल्लक कोठून आली याचा पुरावाच राहत नाही.

अहवालाच्या पहिल्याच परिच्छेदात ‘हा अहवाल अमुक ते अमुक या कालावधीचा असून सोबतची प्रमाणपत्रे अमुक आर्थिक वर्षांची आहेत’ असे एक वाक्य लिहून ठेवावे. तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनात येणारा पहिला प्रश्न त्याने तेथेच मिटतो.

उपयोगिता प्रमाणपत्र: नमुना १२-अ

संस्थांना दिलेल्या अनुदानासाठी जीएफआरचा नमुना १२-अ वापरला जातो. जुन्या फाइलमधून कॉपी केलेला २०१७ पूर्वीचा नमुना आजही काही कार्यालयांत फिरत असतो, म्हणून नमुना पोर्टलवरूनच उतरवून घ्यावा. नियम २३८ प्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत प्रमाणपत्र सादर व्हावे लागते. पण ही शेवटची मर्यादा आहे. पुढचा हप्ता हवा असेल तर मार्च संपताच कामाला लागावे आणि आदेशात याहून कमी मुदत असेल तर तीच पाळावी. अनेक ठिकाणी एप्रिल–मेमध्ये अलेखापरीक्षित, म्हणजे तात्पुरते प्रमाणपत्र चालते आणि सनदी लेखापालाच्या सहीचे नंतर द्यावे लागते. दोन्हींतील आकडे वेगळे आले तर फरकाचे कारण लेखी जोडावे.

नमुन्यातील मुख्य कोष्टकात सात रकाने आहेत आणि ते एका उदाहरणावरून समजून घेणे सोपे जाईल. आपल्या काल्पनिक प्रकल्पाला डिसेंबर २०२३ मध्ये भांडवली ९,००,००० आणि आवर्ती ७,००,००० रुपये मिळाले. मार्चअखेर आवर्ती भागातून १,१२,४०० रुपये खर्च झाले. उपकरणाची ऑर्डर दिली होती, पण ते आले नव्हते. म्हणजे १ एप्रिल २०२४ रोजी आवर्ती शिल्लक ५,८७,६०० रुपये. २०२४–२५ मध्ये प्रकल्पाच्या बचत खात्यावर १४,३५० रुपये व्याज मिळाले, शासनाकडून आवर्ती भागाचे आणखी ४,००,००० रुपये आले आणि खर्च ७,४६,२५० रुपये झाला.

पहिल्या रकान्यात मागील शिल्लक ५,८७,६००. दुसऱ्यात मिळालेले व्याज १४,३५०. तिसऱ्यात शासनाला परत केलेले व्याज. चौथ्यात वर्षभरात मिळालेले अनुदान ४,००,०००, आदेशाचा क्रमांक व तारखेसह. पाचव्यात एकूण उपलब्ध निधी, म्हणजे पहिला अधिक दुसरा, वजा तिसरा, अधिक चौथा. सहाव्यात खर्च आणि सातव्यात अखेरची शिल्लक. व्याज ३१ मार्चपूर्वीच परत केले असेल तर तिसऱ्या रकान्यात १४,३५० येतील, एकूण निधी ९,८७,६०० होईल आणि शिल्लक २,४१,३५० राहील. पण नियम २३०(८) प्रमाणे व्याज भारताच्या संचित निधीत भरायचे असते ते लेखे अंतिम झाल्यावर लगेच, म्हणून पुष्कळ संस्था ते एप्रिलनंतर भरतात. तसे असेल तर तिसरा रकाना शून्य, एकूण निधी १०,०१,९५० आणि शिल्लक २,५५,७०० होते. पुढच्या वर्षीच्या पहिल्या रकान्यात हीच २,५५,७०० रक्कम आली पाहिजे आणि परत केलेले व्याज त्या वर्षीच्या तिसऱ्या रकान्यात गेले पाहिजे. व्याज भरले एप्रिलमध्ये आणि दाखवले मार्चमध्ये, अशी सरमिसळ झाली की बँकेच्या खातेपुस्तकाशी मेळ बसत नाही आणि प्रमाणपत्र परत येते.

व्याज संपूर्ण खात्यावरचे असते, त्यात उपकरणासाठी पडून असलेल्या नऊ लाखांवरचेही आले. पण ते आवर्ती आणि भांडवली अशा दोन्ही प्रमाणपत्रांत दोनदा दाखवू नये. सहसा ते आवर्तीत दाखवून भांडवली प्रमाणपत्रात तशी टीप दिली की पुरते.

आता नमुन्याच्या शेवटी असलेला, आणि घाईत हमखास चुकीचा भरला जाणारा भाग. अखेरची शिल्लक तेथे फोडून दाखवायची असते: हातातील व बँकेतील रोकड किती आणि असमायोजित अग्रिम, म्हणजे हिशेब न दिलेली उचल, किती. व्याज वेळेत परत केल्याचे पहिले उदाहरण घेऊ. शिल्लक २,४१,३५०, त्यांपैकी क्षेत्रभेटीसाठी उचललेली आणि बिले न दिलेली २५,००० रुपयांची उचल अद्याप बाकी आहे. ही उचल खर्च नव्हे. बिले मंजूर होईपर्यंत ती अग्रिमच राहते. म्हणून बँकेत २,१६,३५० आणि अग्रिम २५,०००. उपकरण ८,९४,००० रुपयांना पडले असेल तर भांडवली शिल्लक ६,०००, आणि ३१ मार्च २०२५ रोजी खातेपुस्तकात २,२२,३५० रुपये दिसले पाहिजेत. ही रक्कम पैशापर्यंत जुळत नसेल, तर सही घेण्यापूर्वी कारण शोधावे. सहसा ते न वटलेला धनादेश किंवा बँकेने कापलेले शुल्क यांपैकी काहीतरी निघते.

नव्या प्रकल्पांत हे चित्र बदलते आहे. निधी संस्थेच्या बचत खात्यात न येता पीएफएमएस या शासनाच्या सार्वजनिक वित्तीय व्यवस्थापन प्रणालीतून खर्चाच्या मर्यादेच्या रूपाने उपलब्ध होतो आणि प्रत्यक्ष देयक देताना पैसा सुटतो. ट्रेझरी सिंगल अकाउंट पद्धतीत पैसा रिझर्व्ह बँकेतच राहत असल्यामुळे व्याजाचा प्रश्न उद्भवत नाही, पण ३१ मार्चपर्यंत न वापरलेली मर्यादा व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. ‘शिल्लक पुढे ओढली’ असे येथे गृहीत धरता येत नाही. उपकरणाचा पुरवठादार मार्चच्या शेवटच्या आठवड्यात माल देणार असेल, तर पाहणी, जडसंग्रह (डेड स्टॉक) नोंदवहीतील नोंद आणि देयकाची मंजुरी ही सारी कामे त्या आठवड्यात होणार आहेत का, हे फेब्रुवारीतच लेखा विभागाला विचारावे.

खर्चाचे विवरणपत्र

विवरणपत्रात शीर्षनिहाय मंजूर रक्कम, प्रत्येक वर्षाचा खर्च, एकूण खर्च, शिल्लक आणि पुढील काळाची गरज असे रकाने असतात. मुख्य अट अशी, की कोणत्याही शीर्षाखालील एकूण खर्च त्या शीर्षाच्या मंजूर रकमेपेक्षा पूर्वपरवानगीशिवाय जास्त होता कामा नये. प्रवासात आठ हजार जास्त गेले आणि आकस्मिक खर्चात वीस हजार वाचले, म्हणून बेरीज बरोबर आली तरी विवरणपत्र बरोबर होत नाही. आवर्ती शीर्षांमध्ये पुनर्विनियोजन, म्हणजे एका शीर्षातील रक्कम दुसऱ्यात वळवणे, हवे असेल तर खर्चापूर्वी विनंती करावी; खर्चानंतरची विनंती ही विनंती राहत नाही, खुलासा होते.

खर्च म्हणजे प्रत्यक्ष दिलेली रक्कम. ऑर्डर दिली म्हणजे खर्च झाला नाही. ती बांधील रक्कम तळटीपेत लिहावी. मार्चचे मानधन एप्रिलमध्ये दिले जात असेल तर ते पुढच्या आर्थिक वर्षात पडते. कनिष्ठ संशोधन अधिछात्राला (जेआरएफ) १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात; तो १ सप्टेंबरला रुजू झाला, तर मार्चअखेर काम सात महिन्यांचे होते आणि पैसे सहाच महिन्यांचे गेलेले असतात, म्हणजे घरभाडे भत्ता वगळून २,२२,०००. प्रगती अहवालात ‘सात महिने’ आणि विवरणपत्रात सहा महिन्यांची रक्कम पाहून तपासनीसाने प्रश्न विचारण्यापेक्षा आपणच एका ओळीची टीप द्यावी. देयकातून उद्गम करकपात (टीडीएस) केली असली तरी खर्च पूर्ण देयकाचा धरावा, कारण कापलेला करही प्रकल्पाच्या पैशांतूनच भरला गेलेला असतो.

‘पुढील काळाची गरज’ हा रकाना अनेक जण मंजुरी आदेशातील आकडा तसाच उतरवून भरतात. तसे करू नये. शिल्लक वजा करून, पुढील मार्चपर्यंत खरोखर किती लागेल याचा अंदाज द्यावा. मोठी शिल्लक असताना पूर्ण हप्ता मागणारे विवरणपत्र स्वतःच्याच विरुद्ध साक्ष देते.

प्रगतीचे लेखन

येथे मात्र लेखा विभाग मदतीला येणार नाही. नमुन्यात मंजूर उद्दिष्टे, वापरलेली पद्धत, उद्दिष्टनिहाय काम, उरलेले काम आणि निष्पत्ती असे भाग असतात. उद्दिष्टे मंजूर प्रस्तावातील शब्दांतच लिहावीत आणि प्रत्येकाखाली फक्त त्याचेच काम लिहावे. प्रत्यक्ष अहवाल इंग्रजीत लिहायचा असला, तरी कच्चा आराखडा मराठीत करायला काहीच हरकत नाही; विचार स्पष्ट झाला की भाषांतराला वेळ लागत नाही.

समजा, प्रकल्प चंद्रपूर जिल्ह्यातील विहिरींमधील फ्लोराइड आणि ते शोषून घेणाऱ्या स्वस्त पदार्थाविषयी आहे. ‘नमुने गोळा करण्याचे काम समाधानकारक असून विश्लेषण प्रगतिपथावर आहे’ हे वाक्य कोणत्याही प्रकल्पात कोणत्याही वर्षी चालेल, आणि म्हणूनच ते कोणालाही काही सांगत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘प्रस्तावित ६० विहिरींपैकी ४४ विहिरींचे पावसाळ्यापूर्वीचे नमुने घेतले. त्यांपैकी १७ नमुन्यांत फ्लोराइड दर लिटरला १.५ मिलिग्रॅम या भारतीय मानकातील कमाल मर्यादेपेक्षा अधिक आढळले. पावसाळ्यानंतर ३९ विहिरींचेच नमुने मिळाले. उर्वरित पाच विहिरी वापरातून गेल्या असून त्यांच्याऐवजी त्याच गावांतील कूपनलिका निवडल्या आहेत. उरलेल्या १६ विहिरींचे काम पुढील उन्हाळ्यात होईल.’ यातील आकडे उदाहरणापुरते आहेत, पण वाक्यांची घडण पाहावी. काय ठरले होते, किती झाले, काय हाती लागले, काय राहिले आणि राहिलेल्याचे काय करणार, हे सारे त्यात आले.

न जमलेले प्रयोग लपवू नयेत. शोषक पदार्थाची पहिली पद्धत चालली नाही, तर ती का चालली नाही आणि दुसरी कोणती घेतली, हे तीन-चार वाक्यांत लिहावे. तज्ज्ञ समितीला संशोधन म्हणजे काय ते ठाऊक असते. त्यांना खटकते ते मौन. उद्दिष्टच बदलावे लागणार असेल, तर मात्र ते अहवालात सहज उरकून चालत नाही. त्यासाठी स्वतंत्र पत्र आणि मान्यता हवी.

उपकरणांच्या तक्त्यात मंजूर यादी, प्रत्यक्ष घेतलेले मॉडेल, किंमत, बसवल्याची तारीख, ते चालू आहे का आणि वापराचे प्रमाण विचारले जाते. किंमत जडसंग्रह नोंदवहीतील, म्हणजे कर व वाहतुकीसह असलेलीच लिहावी, कोटेशनमधील नव्हे. वापराचे प्रमाण अंदाजे लिहिण्याऐवजी उपकरणाशेजारी एक साधी वही टांगून ठेवली, तर तो आकडा आपोआप तयार होतो आणि इतर विभागांतील विद्यार्थ्यांनी केलेला वापरही त्यात धरता येतो.

शोधनिबंधांच्या यादीत फक्त तेच निबंध द्यावेत ज्यांत निधी देणाऱ्या संस्थेचे आणि फाइल क्रमांकाचे ऋणनिर्देश छापलेले आहेत. ऋणनिर्देश राहून गेलेला निबंध यादीत घातला तर त्याची प्रत उघडून पाहणाऱ्याला तो दिसतोच. विज्ञान आणि तंत्रज्ञान तसेच जैवतंत्रज्ञान या दोन्ही विभागांचे २०१४ पासून मुक्त प्रवेशाचे संयुक्त धोरण आहे, त्यामुळे लेखाची स्वीकृत प्रत संस्थेच्या संग्रहात ठेवून तिचा दुवाही द्यावा. पाठवलेले पण न स्वीकारलेले निबंध वेगळे दाखवावेत.

सह्या

उपयोगिता प्रमाणपत्रावर अन्वेषकाबरोबर वित्त व लेखा अधिकारी आणि संस्थाप्रमुख किंवा कुलसचिव यांच्या सह्या व शिक्के लागतात. प्रत्यक्षात सर्वांत जास्त दिवस येथेच जातात. एप्रिलमध्ये लेखा विभागाचे वर्षअखेरचे काम चालू असते, मे महिन्यात सुट्ट्या असतात आणि संलग्न महाविद्यालयांत प्राचार्यांची बदली किंवा प्रभार याच सुमारास होतो. म्हणून सादरीकरणाच्या तारखेपासून मागे मोजत जावे. टिपणी, मसुदा प्रमाणपत्र, खातेपुस्तकाची झेरॉक्स आणि मागील वर्षाचे प्रमाणपत्र एकाच फाइलमध्ये लावून ती जावक क्रमांकासह पाठवावी, म्हणजे टेबलावरून टेबलावर जाताना कागद सुटे होत नाहीत. लेखा विभागातील ज्या सहकाऱ्याने आकडे तपासले, त्यांचा फोन क्रमांक आपल्याकडे असावा. शंका आली की पत्रव्यवहारापेक्षा दोन मिनिटांचे बोलणे बरे.

प्रत्येक पानावर सही आणि तारीख आहे का, प्रमाणपत्रातील रक्कम अंकी व अक्षरी सारखी आहे का, सही करणाऱ्याचे पदनाम शिक्क्यात आहे का, हे स्कॅन करण्यापूर्वी पाहावे.

पोर्टलवर चढवताना

लॉगिन अन्वेषकाच्या नावाने असते आणि नोंदणीचा ईमेल बहुधा संस्थेचा असतो. तो चालू आहे ना, याची खात्री महिनाभर आधी करावी. चालू प्रकल्पांच्या विभागात आपला फाइल क्रमांक निवडल्यावर कालावधी विचारला जातो. येथे प्रकल्पाचे वर्ष की आर्थिक वर्ष, हे पुन्हा एकदा वाचूनच निवडावे.

मोठा मजकूर थेट पोर्टलच्या चौकटीत टाइप करू नये. तो आधी वर्डमध्ये लिहून मग चिकटवावा, कारण काही काळ हालचाल न झाल्यास पोर्टल बाहेर फेकते आणि न जतन केलेला मजकूर जातो. चिकटवल्यावर ‘मायक्रो’चे ग्रीक अक्षर, अंशाचे चिन्ह आणि घातांक जागेवर आहेत का ते पाहावे, ‘१० चा वजा सहावा घात’ नुसता ‘१०-६’ झालेला अनेकदा दिसतो. पीडीएफच्या आकाराला मर्यादा असते. रंगीत स्कॅनऐवजी कृष्णधवल स्कॅन केला तर फाइल पुष्कळ लहान होते, फक्त शिक्का वाचता यावा. फोनवरील अ‍ॅपने काढलेले तिरपे, सावली पडलेले फोटो प्रमाणपत्र म्हणून देऊ नयेत. फाइलच्या नावात फाइल क्रमांक, कागदाचा प्रकार आणि वर्ष असावे. ‘यूसी फायनल नवीन २’ हे नाव आपल्यालाच पुढच्या वर्षी कळत नाही.

मसुदा जतन करणे आणि अंतिम सादर करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. अंतिम सादरीकरणानंतर मिळणारी पोचपावती आणि संपूर्ण अहवालाची पीडीएफ उतरवून घ्यावी. कागदी प्रतही मागितली असेल तर ती पोर्टलवरील प्रतीशी हुबेहूब असावी.

प्रश्न आला तर

काही आठवड्यांनी ‘त्रुटी’ म्हणून अहवाल परत आला तर घाबरण्याचे कारण नाही. बहुतेक त्रुटी एखादा आदेश क्रमांक, एखादी शिल्लक किंवा सुटलेली सही यांविषयी असतात. विचारले तेवढेच दुरुस्त करावे आणि काय दुरुस्त केले ते एका पत्रात ओळीने लिहावे. एक आकडा बदलला की तो आणखी कोठे आहे ते शोधावे: प्रमाणपत्र, विवरणपत्र, अहवालातील तक्ता आणि पोर्टलचा रकाना, असा तो चार ठिकाणी असू शकतो.

प्रकल्पाचा कालावधी वाढवून हवा असेल, तर ती विनंती कालावधी संपण्याच्या पुरेशी आधी, स्वतंत्र मार्गाने करावी. वार्षिक अहवालात ‘मुदतवाढ अपेक्षित आहे’ असे लिहिल्याने मुदतवाढ मागितली असे होत नाही.

शेवटच्या वर्षी

प्रकल्प संपल्यावर प्रकल्प पूर्तता अहवाल, सर्व वर्षांचे एकत्रित विवरणपत्र व उपयोगिता प्रमाणपत्र आणि उपकरणांची यादी द्यावी लागते. एकत्रित विवरणपत्रातील प्रत्येक वर्षाचा स्तंभ पूर्वी दिलेल्या प्रमाणपत्राशी जुळवून पाहावा. जुन्या वर्षातील चूक आता सापडली तर ती गुपचूप सुधारू नये, टीप देऊन सुधारावी. शिल्लक रक्कम आणि न भरलेले व्याज कोठे व कशा पद्धतीने परत करायचे ते आदेशात असते. केंद्रीय विभागांच्या बाबतीत हा भरणा बहुधा भारतकोश या शासनाकडे ऑनलाइन पैसे भरण्याच्या पोर्टलवर होतो. तेथे मंत्रालय आणि प्रयोजन काळजीपूर्वक निवडावे आणि पावतीवर प्रकल्पाचा फाइल क्रमांक येईल अशी नोंद करावी, अन्यथा पैसे पोचूनही ते कोणत्या प्रकल्पाचे हे कोणाला कळत नाही. ती पावती पूर्तता अहवालाला जोडावी.

मूळ व्हाउचर सहसा पाठवायचे नसतात, पण ते नष्टही करायचे नसतात, कारण अनुदानाचे लेखे मंजुरी देणाऱ्या संस्थेच्या आणि नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या तपासणीसाठी खुले असतात. अन्वेषक निवृत्त होणार असेल किंवा दुसऱ्या संस्थेत जाणार असेल, तर व्हाउचरांची फाइल, खातेपुस्तक, उपकरणांची वही आणि पोर्टलवरून उतरवलेल्या पोचपावत्या विभागप्रमुखांकडे यादीसह सोपवून यादीच्या प्रतीवर त्यांची सही घ्यावी.